फोर्कलिफ्टला अलार्म अन् लाईट कोणते बसवावे? सप्लायर म्हणतो सगळेच घ्या

पाईपवाला_जळगाव:
नमस्कार मंडळी, जळगाव एमआयडीसीत आमचं पीव्हीसी पाईपचं युनिट आहे, मी डिस्पॅच बघतो. दोन डिझेल फोर्कलिफ्ट अन् एक बॅटरीवाली. शेट म्हटले अलार्म-लाईट बसवून टाका, तर कोटेशनमध्ये निळा स्पॉट (गाडीच्या पुढे-मागे जमिनीवर निळा ठिपका पाडणारी लाईट), साईडची लाल लाईन (बाजूला जमिनीवर लाल रेघ पाडणारी), पिवळी फिरती लाईट, ११२ डीबीचा (डेसिबल, आवाजाचं माप) रिव्हर्स अलार्म, शिवाय ते व्हाईट नॉईजवालं काहीतरी, अशी लांबलचक यादी आलीय. आमची अडचण अशी की शेडमध्ये ग्राइंडर चालू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, अन् बाहेर यार्डात मे महिन्यात लाईट चालू आहे का बंद तेच कळत नाही. गाडी भरायला हमाल बाहेरून येतात, रोज नवीन चेहरे. अन् आत्ता जो पीं-पीं आहे त्याची वायर ड्रायव्हर लोक काढून ठेवतात, डोकं उठतं म्हणे. काय घेऊ?

वायरमन_धुळे:
भो, डीबीच्या मागे लागू नका. ११२ डीबीचा भोंगा ग्राइंडरजवळ ठीक वाटेल पण तीच गाडी रात्री शांत गोडाऊनमध्ये गेली की ड्रायव्हर वायर काढणारच, त्याचं काय चुकलं? आपोआप कमीजास्त होणारा अलार्म येतो, तो आजूबाजूचा आवाज मोजून त्याच्यापेक्षा ५-१० डीबी वर वाजतो, तो घ्या. अन् बसवताना गाडीच्या मागच्या लोखंडी वजनाला, तोंड बाहेरच्या बाजूला. लोकं छताखाली ड्रायव्हरच्या डोक्यामागे ठोकतात अन् मग म्हणतात ड्रायव्हर ऐकत नाही.

खान्देशी_गडी:
सप्लायरची दिवाळी मे महिन्यातच दिसतेय 😀

सेफ्टीवाला_भुसावळ:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे, थोडं जोडतो. साधा पीं-पीं एकाच सुराचा असतो, पत्र्याच्या शेडमध्ये तो चारी बाजूंनी आपटून येतो आणि गाडी डावीकडे आहे का मागे तेच कळत नाही. व्हाईट नॉईजवाला खर्र-खर्र असा वाजतो, त्याची दिशा कान पटकन पकडतो आणि लांब गेल्यावर तो लवकर विरतो, म्हणून डोकंही कमी उठतं. तीन गाड्या एका शेडमध्ये असतील तर मी तोच घेईन. पण ग्राइंडरजवळ ९० डीबीच्या वर आवाज असेल (आपल्याकडे आठ तासाला मर्यादाच ९० आहे) तर तिथल्या माणसांच्या कानात प्लग असणार, तिथे अलार्मवर भरवसा ठेवूच नका, तिथे निळा स्पॉट पाहिजे. पुढे आणि मागे दोन्हीकडे, कारण बंडल उंच असलं की ड्रायव्हर उलटाच चालवतो.

स्पॉट साधारण ३ ते ६ मीटरवर पाडतात. आता हिशोब बघा, ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर, म्हणजे स्पॉट ५ मीटरवर असला तरी समोरच्याला दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. कोपऱ्यावर गाडी हळू झाली नाही तर तो स्पॉट काय कामाचा.

लाल लाईनचं मात्र तुमच्याकडे मला पटत नाही. ती गाडीच्या बाजूला मीटरभर अंतरावर पडते, आणि तुमचा पाईप ६ मीटरचा, आडवा उचलला की गाडीच्या मधोमधपासून दोन्हीकडे तीन-तीन मीटर, म्हणजे लाईनीच्या बऱ्याच बाहेर. हमाल लाईनीच्या बाहेर बिनधास्त उभा राहणार आणि गाडी वळली की पाईपचं टोक त्याला लागणार. पॅलेटवाल्यांना ती चांगली आहे, मागची चाकं वळतात तेव्हा शेपूट बाहेर फिरतं ते त्यात दिसतं.

केळीवाला_सावदा:
आमच्याकडे कोल्ड स्टोरेजला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे, तिथे निळा स्पॉट भारी, गाडीच्या आधी स्पॉट बाहेर येतो. पण फरशी ओली असली की चकाकतो अन् नीट दिसत नाही. उन्हात तर शून्य. यार्डासाठी त्याच्यावर पैसे घालू नका.

पाईपवाला_जळगाव:
लाल लाईन कॅन्सल 🙏 सप्लायरनी तर ती आमच्यासाठीच बनवल्यासारखी सांगितली होती. बॅटरीवाली ४८ व्होल्टची आहे, आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो त्याच बॅटरीतून १२ व्होल्ट काढून देतो, चालेल ना?

वायरमन_धुळे:
अजिबात नाही! सहा सेलवरून १२ काढले की तेवढेच सेल आधी उतरतात, बाकीचे भरलेले राहतात, अन् चार्जिंगला सगळी बॅटरी बोंबलते. कन्व्हर्टर लाव नाहीतर १० ते ८० व्होल्टवर चालणारी एलईडी घे, फ्यूज टाकून. धूळ-पाण्यासाठी आयपी ६७ लिहिलेलं बघ. डिझेलवाल्यांचे व्होल्ट पण आधी बघ, सगळ्या १२ च्या नसतात.

सेफ्टीवाला_भुसावळ:
आणि यार्डात व्हाईट नॉईज अलार्म तर लागेलच, पण हमाल रोज नवीन आहेत म्हणता तर त्यांच्यासाठी ट्रकच्या मागे दोरी बांधून जागा ठरवा, गाडीचे फाटे (माल उचलणारे पुढचे दोन दांडे) जमिनीला टेकेपर्यंत कोणी दोरीच्या आत यायचं नाही. हे गेटवरच सांगायचं, ड्रायव्हरनी नाही.

पाईपवाला_जळगाव:
हो, दोरीचं लगेच करतो. मग निळे स्पॉट पुढेमागे अन् खर्र-खर्रवाला अलार्म, तिन्ही गाड्यांना, एवढंच नवीन कोटेशन मागवतो. पिवळ्या फिरत्या लाईटचं कोणी बोललं नाही, ती राहू द्यावी का?

केळीवाला_सावदा:
यार्डात संध्याकाळी कामाची आहे. शेडमध्ये बंद करायचं बटन ठेवा, रॅकवर चमकून ड्रायव्हरच्याच डोळ्यात येते.