लग्नाच्या आहेरात मोदकांचा वर्ग द्यावा का?

धागाकर्ती :
भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून भांड्यांचा संच न देता, गणेशचतुर्थीच्या आधी होणाऱ्या उकडीच्या मोदकांच्या वर्गात मी नवदांपत्यासाठी दोन जागा राखून ठेवल्या आणि त्यावरून घरात दोन तट पडले. माझे म्हणणे असे की, पाककृती वाचून सारण जमते, उकड जमत नाही. पिठाला पाणी किती लागेल हे तांदूळ नवा की जुना यावर ठरते, आणि मळलेली उकड पारी करण्याजोगी झाली की नाही हे बोटांनाच कळते. दोघांनी ते शेजारी बसून शिकावे, यापेक्षा चांगला आहेर मला सुचला नाही.

प्रतिसाद १ :
मला हे पटत नाही. भांडे हवे तेव्हा काढता येते; वर्गाची तारीख मात्र देणाऱ्याने ठरवलेली असते आणि नोकरी करणाऱ्या जोडप्याचा एकुलता रविवार त्यात जातो. शिवाय नव्या सुनेला स्वयंपाकाचा वर्ग देणे म्हणजे तिला काय येत नाही हे चारचौघांत सांगणे होय. मला सासरहून असाच वर्ग मिळाला होता, नवऱ्याला नाही. तिथे शिकवले उत्तम, पण देण्यामागचा अर्थ मला आजही टोचतो.

प्रतिसाद २ :
वरील दुःख खरे आहे; परंतु इथे जागा दोघांसाठी आहेत, हा फरक लहान नाही. माझी शंका वेगळी आहे. कडा पातळ आणि मध्यभाग किंचित जाड ठेवून पारी करणे, मग न फाटता कळ्या पाडणे, हे दोन तासांत हातात बसत नाही. त्यापेक्षा त्यांना सावंतवाडीला पाठवावे. तिथल्या राजवाड्यात कलाकार आजही गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफेच्या एका संचात 120 पाने असतात. त्यांतले एक पान जरी स्वतः रंगवून पाहिले, तरी संचाची किंमत जास्त का असते हे पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही, आणि अशी समज असलेले गिऱ्हाईक त्या कलाकारांना हवेच आहे.

धागाकर्ती :
दोन तासांत हात बसणार नाही, हे मान्य. पण चुकते कुठे हे कळले, तर घरी सराव करता येतो. भाचेसुनेला आधी विचारायला हवे होते, हे मात्र मला मनापासून पटले. तारीख त्या दोघांनीच ठरवावी, असे आजच कळवते. दुसरी जागा भाच्याचीच राहील.