फोमच्या कयाकसाठी लागणारी हत्यारे

घरी फोमची कयाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद नाव) करायची तर विजेवर चालणारा रंधा आणि सँडिंग यंत्र घ्यावेच लागेल, असे काही जण सुचवतात; माझ्या मते पहिल्या नावेसाठी दोन्हींची गरज नाही.

एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन या घट्ट फोमचे तक्ते कापण्यासाठी लाकडी धनुकलीवर ताणलेली निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, विजेने तापून फोम वितळवत कापणारी) तार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सफाईदार पडते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या मीटरभर तारेला जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट पुरतात. घरातील २३० व्होल्टची वीज डिमर (वीज कमी-जास्त करणारे बटण) लावून थेट तारेला जोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण डिमरने तार कमी तापली तरी विजेच्या धक्क्याचा धोका तसाच राहतो. तक्त्याच्या दोन्ही टोकांना प्लायवुडचे साचे टाचून त्यांच्या कडेवरून तार फिरवली, की वळण आपोआप नेमके येते. धूर होतोच, म्हणून हे काम अंगणात करावे. पॉलियुरेथेन फोमवर तर ही तार वापरूच नये, कारण त्याचा धूर विषारी असतो.

उरलेला आकार लांब फळीवर चिकटवलेल्या ८० नंबरच्या पॉलिशपेपरने येतो. लहान पट्टीने खड्डे पडतात.

खरी काटकसर नको ती रेझिनमध्ये, म्हणजे फोमवर काचकापड (काचतंतूंचे कापड) चिकटवून कडक कवच करणाऱ्या द्रवात. स्वस्त पॉलिस्टर रेझिन पॉलिस्टायरीनला विरघळवते, त्यामुळे काचकापडावर इपॉक्सी रेझिनच लावावे, आणि त्याच्या दोन घटकांचे उत्पादकाने दिलेले प्रमाण साधण्यासाठी स्वयंपाकघरातील डिजिटल काटा वापरावा.