सल्ला हवा: रिस्टोअर केलेली १९६८ची पोर्श ९१२ घ्यावी का?

सांगलीकर_लुडविग्सबुर्ग:
नमस्कार मंडळी. मूळचा सांगलीचा, सध्या मुक्काम स्टुटगार्टजवळ लुडविग्सबुर्ग. ऑफिसला जाताना रोज झुफेनहाउझेन स्टेशन लागतं. पोर्शच्या गावावरून बारा वर्षं ये-जा केल्यावर डोक्यात किडा वळवळणारच.

शेजारच्या गावात एका विक्रेत्याकडे १९६८ची ९१२ आहे. लालभडक, तीन वर्षांपूर्वी 'पूर्ण रिस्टोअर' केलेली. रंगात तोंड दिसतं. ९११ खिशाबाहेरची आहे. ९१२ घेऊन पस्तावेन का? बघताना काय तपासू? बायकोने 'घे एकदाची' म्हटलंय, तिचं मत बदलायच्या आत सांगा.

तर्रीबाज:
चार सिलिंडरची पोर्श म्हणजे बिनतर्रीची मिसळ.

हवाथंड:
तर्रीबाज, चालवलीय का कधी? ९११ आली तेव्हा पोर्शच्या आधीच्या ३५६ मॉडेलच्या गिऱ्हाइकांना ती महाग पडत होती, म्हणून १९६५ला ९१२ काढली. अंगाने ९११च, मागे मात्र ३५६ एससीचं १.६ लिटरचं इंजिन, ९० अश्वशक्तीचं. सहा सिलिंडरवाल्या ९११ला तेव्हा १३० होती. पण चार सिलिंडर म्हणजे शेपटीवर वजन कमी. सुरुवातीच्या ९११चं नाक इतकं हलकं होतं, की पुढच्या बंपरच्या टोकांना ११-११ किलोची लोखंडी वजनं लावावी लागली. ९१२ वळणावर जास्त समजूतदार आहे. १९६९पर्यंत तीस हजारांवर बनल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात. हायवेवर कोणाला मागे टाकायचं असेल तर मात्र नको.

गंजपुराण:
इंजिनाचं नंतर बघू, आधी पत्रा. इंजिन पैसे टाकले की होतं, सांगाडा सडला असेल तर घर गहाण पडतं. ९११च्या घराण्यात पूर्ण सांगाडा जस्त चढवलेला यायला लागला तो १९७६च्या मॉडेलपासून. त्याआधीची प्रत्येक गाडी गंजली आहे असं धरूनच चला. विचारायचं एवढंच, की गंज कापून काढला की पुटीखाली झाकला?

दाराखालचे साइडसिल सगळ्यात आधी बघा. इंजिन हवेने थंड होणारं, म्हणून हीटरची गरम हवा मागून या सिलमधूनच पुढे येते. गरम हवा, ओल, बंद पोकळी, वर हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ. आतून सडतात, बाहेरून चकाचक. जॅक त्याच्या ठरलेल्या जागी लावून गाडी उचला आणि दार उघडझाप करा. दार अडकायला लागलं किंवा फट बदलली तर नमस्कार करून घरी या.

मग पुढच्या डिकीत बॅटरीखालचा पत्रा, पेट्रोलच्या टाकीच्या कडा, आणि मागच्या टॉर्शन बारच्या (मागच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या) नळीभोवतीचा भाग. हा शेवटचा लिफ्टवर चढवल्याशिवाय दिसत नाही. विक्रेता लिफ्ट नाही म्हणाला तर गाडीही नाही म्हणा. खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवा; पत्र्यावर चिकटतं, जाड पुटीवर नाही.

आणि कामाचे फोटो मागा. रंग झाल्यानंतरचे नाही, रंगाआधीचे, उघड्या पत्र्याचे. मनापासून रिस्टोअर करणारा माणूस असे शेकडो फोटो काढतो आणि न विचारता दाखवतो.

सांगलीकर_लुडविग्सबुर्ग:
फोटो मागितले होते. सात आले. सातही रंग झाल्यानंतरचे :(

एस६ने_जाणारी:
आधी पोर्श म्युझियममध्ये जाऊन या, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे (सोमवारी बंद). तिथे ५७ क्रमांकाची ९०१ शोधा. ९११चं मूळ नाव ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कार कंपनीने हक्क सांगितला, म्हणून १९६४मध्ये शून्याचा एक झाला. तोवर ८२ गाड्या बनल्या होत्या, त्यातली ही एक. २०१४ला एका कोठारात गंजून पडलेली मिळाली, पुढचे मडगार्ड नव्हतेच. तीन वर्षं काम करून डिसेंबर २०१७मध्ये मांडली. नवा पत्रा ठोकून मोकळं न होता, त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीचे अस्सल भाग बसवले आणि जुनं जितकं वाचेल तितकं वाचवलं. मी तिच्यासमोर अर्धा तास उभी होते, नवरा कॅफेत.

तुमच्या गाडीचा चासी नंबर, इंजिन नंबर आणि मूळ रंग कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का, ते विचारा.

हवाथंड:
खर्चाचं राहिलंच. तीस वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला एच नंबरप्लेट मिळते. वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो आणि स्टुटगार्टच्या पर्यावरण क्षेत्रातही (जिथे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असते) मुभा. विमावाले बहुधा रोजच्या वापराची वेगळी गाडी आहे ना, हे विचारतात.

सांगलीकर_लुडविग्सबुर्ग:
अपडेट. काल गेलो. लिफ्ट 'आज नेमकी बिघडलेली'. चुंबक डाव्या सिलवर धड चिकटेना. पुढच्या डिकीचा गालिचा उचलला तर खाली हिरवा रंग! विक्रेता आत्तापर्यंत म्हणत होता, जन्मापासून लाल. हिरव्याचं विचारलं तर म्हणे, 'तो प्रायमर असतो.'

कॉफी पिऊन परत आलो. आता काल्वजवळ दुसरी ९१२ बघितलीय, जाहिरातीत. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण मालकाकडे १९७१पासूनच्या पावत्यांची फाइल आहे, आणि लिफ्टचं त्यानेच आधी विचारलं. शनिवारी जातोय. गंजपुराण, तुम्ही फॉर्त्सहाइमला असता ना? येता का? वडापाव माझ्याकडून.

गंजपुराण:
येतो. जुनी पँट घाला, गाडीखाली झोपायचंय.

तर्रीबाज:
वडापाव असेल तर मीही येतो. चार सिलिंडर चालतील.