रंग राहू द्या, आधी वुडस्टोव्ह बघा
अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडचं १९६४चं घर विकायचंय, काय करू, या प्रश्नावर कुणीतरी दिलेला ‘सगळा जुना रंग खरवडून काढा’ हा सल्ला पटला नाही. कायदा तसं सांगतच नाही. १९७८पूर्वीचं घर असेल तर शिशाच्या रंगाबद्दल ठाऊक असेल ते लेखी सांगायचं, सरकारी पुस्तिका द्यायची आणि खरेदीदाराला तपासणीसाठी १० दिवस द्यायचे, बस्स. उलट कोरडं घासलंत तर शिशाची धूळ घरभर होईल, आणि लहान मुलांना खरा धोका त्या धुळीचाच.

त्या घराच्या तळघरातल्या वुडस्टोव्हचं (घर गरम ठेवणाऱ्या लाकडाच्या शेगडीचं) मात्र कुणीच बोललं नाही. त्याच्या मागच्या बाजूला ईपीए (केंद्राची पर्यावरण संस्था) किंवा डीईक्यू (ऑरेगनचं पर्यावरण खातं) यांच्या मान्यतेचं लेबल नसेल तर ऑरेगनात २०१०पासून घर विकताना तो काढून मोडीत घालावाच लागतो, आणि डीईक्यूला तसं कळवावंही लागतं. मित्राला फुकट देऊन टाकणंसुद्धा चालत नाही! खरेदीदाराने लेखी जबाबदारी घेतली तर गोष्ट वेगळी.