मदत हवी आहे: आईसाठी फिश ऑइल, डबल करू का कंपनी बदलू? (अर्जंट)

वेंगुर्ल्याचा_झील
लोकहो साधा प्रश्न आहे. आईला फिश ऑइलची कॅप्सूल चालू करून दीड महिना झाला, रोज एक, 1000 ची. फरक शून्य. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, कपाचा कान धरता येत नाही, काल नारळ खवायला विळीवर बसली नि अर्धी वाटी खवून उठली. जिथे तिथे वाचतोय की माशाच्या तेलाने शरीरातली जुनाट सूज उतरते, मग हिची का उतरत नाही? उद्या कुडाळला जातोय, येताना मेडिकलमधून आणायची आहे. पटकन सांगा, फालतू गजाली नकोत.

मेडिकल_काका
सूज कसली? आजाराला नाव आहे का? वय काय, बाकी औषधं कोणती? गुडघे झिजणं वेगळं नि आमवात वेगळा. सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो, पंधरा मिनिटं का तासभर?

रापणकर
गोळये कित्याक रे? पेडव्याचा तिखला कर, तिरफळां घाल नि आवशीक वाढ. आमचो आजो नव्वद वर्सां जगलो, तेका खय म्हायत होता माशाच्या तेलातला ईपीए-बिपीए.

डोंबिवलीकर_चाकरमानी
@रापणकर जूनमध्ये पेडवे कुठून आणणार, यांत्रिक बोटी 31 जुलैपर्यंत बंद. सुरमई फ्रोजन मिळते पण तिला ती चव नाही.

जवस_आणि_मी
मासे कशाला, जवस खा. मी दोन चमचे चटणी रोज खाते, माझी टाचदुखी गेली. शुद्ध शाकाहारी.

मेडिकल_काका
@जवस टाचदुखीचा इथे काय संबंध? जवसातलं ओमेगा-3 फॅट वेगळं, एएलए म्हणतात. शरीर त्यातून ईपीए, म्हणजे माशातलं ओमेगा-3, बनवतं पण अगदी थोडं. शाकाहारी असाल तर शेवाळाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. माशांच्या अंगातही ते मुळात शेवाळातूनच येतं.

जवस_आणि_मी
मी फक्त अनुभव सांगितला, तुम्ही लगेच शिकवणी लावलीत.

वेंगुर्ल्याचा_झील
अरे मी विचारलं काय नि चाललंय काय. आमवातच आहे, रक्ताची आरए तपासणी पॉझिटिव्ह. वय 61. ताठरपणा दहा वाजेपर्यंत. बीपीची गोळी चालू. आता सांगा डबल करू का?

मेडिकल_काका
बाटली फिरव आणि मागचं बारीक वाच. 1000 मिलिग्रॅम हे नुसतं तेलाचं वजन, कामाचं असतं ते त्यातलं ओमेगा-3, म्हणजे ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक 180 नि 120, म्हणजे मिळून 300. आमवातावर जे अभ्यास झाले त्यात साधारण 3 ग्रॅमच्या आसपास रोज दिलंय. हिशोब कर, दहा कॅप्सूल झाल्या. आणि गुण दिसायला दोन-तीन महिने जातात.
का जातात ते पण सांगतो. पेशींच्या आवरणात ॲरॅकिडोनिक ॲसिड नावाचं फॅट असतं, त्यापासून सूज आणणारे प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. पेनकिलर ते बनवणाऱ्या यंत्रालाच खीळ घालतं म्हणून तासाभरात बरं वाटतं. माशाचं तेल यंत्राला हात लावत नाही, कच्चा माल बदलतं, ईपीए हळूहळू त्या ॲसिडची जागा घेतं नि त्यापासून बनणारा माल कमी तिखट असतो. शिवाय त्यातून रेझॉल्विन नावाची द्रव्यं बनतात, ती सूज मिटवायला मदत करतात.
पण दहा कॅप्सूल स्वतःच्या मनाने द्यायला लागू नकोस, जास्त डोसने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. आणि आमवाताची मुख्य गोळी कोणती चालू आहे? आठवड्यातून एकदाची, मेथोट्रेक्सेट?

भरती_ओहोटी
कॉड लिव्हर ऑइल घ्या ना, लहानपणी सगळ्यांना द्यायचे.

मेडिकल_काका
@भरती ते माशाच्या लिव्हरचं, त्यात व्हिटॅमिन ए असतं. 3 ग्रॅम ओमेगा-3 गाठायला गेलात तर ए अंगावर येईल. उगाच काहीही सुचवू नका.

रापणकर
तेलावरना आठवला, आमचे लोक होडयेक माशाचा तेल लावी होते, लाकूड कुसूचा न्हय म्हणान. वास असो की जावई दारातसून परत जायत.

वेंगुर्ल्याचा_झील
आठवड्याची गोळी होती, ती बंद आहे ना. फिश ऑइल सुरू केलं तेव्हाच बंद केली. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळ, जेवण जायचं नाही, शेजारच्या काकी म्हणाल्या हे नैसर्गिक आहे हेच घे. ते सांगायचं राहिलं.

मेडिकल_काका
राहिलं?? बाबा रे, हे पहिल्या ओळीत हवं होतं. तेलाने फरक पडत नाही असं नाही, गोळी सुटल्यामुळे आजार उफाळलाय. माशाचं तेल दुखणं आणि ताठरपणा थोडा कमी करतं, पेनकिलरची गरजही कमी होऊ शकते, पण सांध्याची झीज थांबवते ती गोळी. मळमळीवर उपाय असतात, फॉलिक ॲसिड, डोस बदलणं, इंजेक्शन. ते डॉक्टर ठरवतील, आधी फोन लाव. आणि जुनी पट्टी शोधून आपल्या मनाने सुरू करू नकोस, ती गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.

जवस_आणि_मी
काकांचं बरोबर आहे हो. माझं टाचेपुरतं होतं.

डोंबिवलीकर_चाकरमानी
तोवर सुके बांगडे चालतील काय?

मेडिकल_काका
बीपी आहे म्हणालाय ना तो. मीठ किती असतं त्यात!

वेंगुर्ल्याचा_झील
फोन लावला, शुक्रवारी बोलावलंय, रक्ताचे जुने रिपोर्ट घेऊन या म्हणाले. बाटली पण बघितली, 180 आणि 120 च आहे. आईला विचारलं गोळी बंद केल्याचं डॉक्टरांना का नाही सांगितलंस तर म्हणते ते ओरडले असते. आणि कॅप्सूल तिला नकोच आहे, म्हणे बांगडा न खाता दिवसभर बांगड्याचा ढेकर येतो.

मेडिकल_काका
जेवणाबरोबर द्यायची, उपाशीपोटी नाही. उपाशीपोटीच देत होतास ना?

वेंगुर्ल्याचा_झील
हो. चहाबरोबर.

डोंबिवलीकर_चाकरमानी
माझा सुक्या बांगड्यांचा प्रश्न आईंसाठी नव्हता, मला हवेत. वेंगुर्ल्यातून कोणी पार्सल करतं का?