मदत हवी आहे: आच आणि हवेची सेटिंग ग्राफवर उमटतच नाही

भांडुपची_भट्टी
जरा लवकर सांगा, शनिवारी परत बॅच लावायची आहे. तीन आठवडे झाले, कॉफी भाजताना ग्राफ छान येतो, पण आच किती होती, हवा किती होती हे त्यात कुठेच येत नाही. दाण्याच्या तापमानाची रेघ येते, वरची, ड्रममधल्या हवेची रेघ पण येते. मी नॉब फिरवतो, हवा वाढवतो, ग्राफला पत्ताच नाही.

गेल्या रविवारी चिकमगळूरच्या एस ७९५ जातीच्या दाण्याची एक बॅच अशी उतरली की घरात चौघांनी दुसरा कप मागितला. काल तशीच भाजायला बसलो तर गॅस कधी आणि किती कमी केला होता ते आठवेना. वहीत लिहिलंय "७:१० ला थोडा कमी", म्हणजे दाणे टाकल्यावर सात मिनिटं दहा सेकंदांनी. थोडा म्हणजे किती? कालची बॅच पांचट झाली. सगळे पर्याय करून बघितले. नेमकं कुठे दाबायचं ते सांगा.

दोन_कप_पुरे
कोणतं सॉफ्टवेअर? कोणतं यंत्र? गॅस की वीज? यंत्र लॅपटॉपला कशाने जोडलंय? "सगळे पर्याय" म्हणजे नक्की कोणते?

माहीमचा_वारा
यंत्र अजून घेतलं नसेल तर सरळ विजेवरचं घ्या. मुंबईत फ्लॅटमध्ये गॅसची भट्टी म्हणजे सोसायटीशी कायमचं भांडण. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू धुरासाठी तीनदा खाली आल्या होत्या.

भांडुपची_भट्टी
@माहीमचा_वारा, यंत्र आहे हो माझ्याकडे. आणि फ्लॅटमध्ये नाही, गाळ्यात आहे.
@दोन_कप_पुरे, आर्टिसन. एक किलोचं ड्रम, घरगुती सिलेंडरवर. दोन थर्मोकपल एका डब्यातून यूएसबीने जोडलेत.

दोन_कप_पुरे
गॅसचा नॉब हाताने फिरवता ना? आणि हवेची पट्टी पण हाताने?

भांडुपची_भट्टी
हो, अर्थात.

दोन_कप_पुरे
मग हे "अर्थात"च सांगायला हवं होतं. थर्मोकपलला फक्त तापमान कळतं. तुमच्या नॉबला एकही तार जोडलेली नाही, मग तुम्ही तो कुठे नेला हे लॅपटॉपला कोण सांगणार? मोटरवाले व्हॉल्व्ह असलेली यंत्रं ते आपोआप कळवतात. आपल्यासारख्यांनी प्रत्येक बदल आपणच नोंदवायचा. आर्टिसनमध्ये त्याला इव्हेंट म्हणतात.

भांडुपची_भट्टी
ते बटण मी दाबतो ना! नॉब फिरवला की इव्हेंट दाबतो. रेघेवर एक खूण उमटते, बस. गॅसची की हवेची ते नाही, आकडा नाही.

सायन_सर्कल
मला विचाराल तर सॉफ्टवेअर बंद करा. माझे भाऊजी वीस वर्षं वास आणि रंगावर भाजतायत. लॅपटॉपकडे बघत बसलं की दाण्याकडे लक्ष राहत नाही.

दोन_कप_पुरे
@सायन_सर्कल, तुमच्या भाऊजींना वीस वर्षं झाली, यांना तीन आठवडे. यांना रविवारची बॅच परत हवी आहे, त्यासाठी नोंद लागणारच.

@भांडुपची_भट्टी, नुसतं बटण दाबलं की नुसतीच खूण पडते. कॉन्फिग मेनूत इव्हेंट्स उघडा. चार प्रकार आधीच दिलेले असतात: एअर, ड्रम, डॅम्पर, बर्नर. तिथेच मिनी एडिटर चालू करा, म्हणजे ग्राफखाली प्रकार आणि आकडा टाकायला जागा येईल. किंवा स्लायडर चालू करा. मग खुणांचा प्रकार बदलून स्टेप करा. आच आणि हवा अशा दोन पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा तापमानाच्या खाली दिसतील. हेच हवंय ना तुम्हाला?

कळव्याची_किटली
स्लायडरच्या भानगडीत पडू नका. फर्स्ट क्रॅकच्या, म्हणजे दाणे पहिल्यांदा तडतडतात त्या वेळी एक हात गॅसवर, दुसऱ्या हातात ट्रायर (दाणे काढून बघायची पळी), कान ड्रमला. त्यात माऊस कोण धरणार? कीबोर्डने करा. क्यू, डब्ल्यू, ई, आर ही चार अक्षरं त्याच चार प्रकारांची, त्याच क्रमाने. आर दाबून सहा, मग शून्य, म्हणजे बर्नर ६०. क्यू दाबून चार, मग शून्य, म्हणजे एअर ४०. मी की-बोर्डवर रंगीत टिकल्या चिकटवल्यात, आरवर लाल, क्यूवर निळी. धुरातही दिसतात.

भांडुपची_भट्टी
हे मस्त. पण ६० म्हणजे काय? माझ्या दाबाच्या काट्यावर शून्य ते ३०० आहे, मिलिमीटर पाण्याचा दाब. १८० असेल तर १८० लिहू?

दोन_कप_पुरे
स्लायडर मुळात शून्य ते शंभरचा असतो. ३०० ला शंभर धरा, १८० म्हणजे ६०.

चुलीजवळ
थांबा. इथे एक चूक सगळेच करतात. दाब ६० टक्के म्हणजे आच ६० टक्के नाही. बारीक जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो. दाब निम्मा केलात तरी आच साधारण ७१ टक्के राहते. आच खरोखर निम्मी हवी असेल तर दाब पाव करायला लागतो, तुमच्या काट्यावर ३०० वरून थेट ७५ वर. १८० ला आच ७७ च्या आसपास. म्हणून वरच्या टोकाला नॉब बराच फिरवूनही "काही होत नाही" असं वाटतं आणि खालच्या टोकाला जरा फिरवला की बॅच बसते, म्हणजे तापमान चढेनासं होतं.

दोन_कप_पुरे
गणित बरोबर आहे, पण नोंदीला त्याची गरज नाही. रोज एकाच पद्धतीने लिहिलं की झालं.

चुलीजवळ
रोज एकाच बॅच-वजनावर भाजणार असतील तर गरज नाही. उद्या ७०० ग्रॅमवरून ४०० वर आले की लागेल.

कळव्याची_किटली
माझ्याकडे पाईपचा गॅस आहे. तो २१ मिलिबारने येतो, म्हणजे २१४ मिलिमीटरच्या आसपास, आणि जेटही वेगळे. तेव्हा माझ्या ६० शी तुमचे ६० जुळवायला जाऊ नका कोणी. आकडा आपापल्या यंत्रापुरताच.

माहीमचा_वारा
पाईपचा गॅस मिळायला तुम्हाला किती महिने लागले? आमचा अर्ज पडून आहे.

सायन_सर्कल
विषय निघालाच आहे तर, माटुंग्यासारखी फिल्टर कॉफी हवी असेल तर किती टक्के चिकोरी घालायची?

दोन_कप_पुरे
दोघांनी कृपया वेगळे धागे काढा.

@भांडुपची_भट्टी, दोन गोष्टी राहिल्या. दाणे टाकून चार्ज दाबलं की लगेच सुरुवातीची आच आणि हवा नोंदवा. नाहीतर पायऱ्यांची रेघ पहिल्या बदलापासून सुरू होते आणि त्याआधी काय होतं ते कळत नाही. आणि तुमच्याकडे हवेला पंख्याचा वेग आहे की धुराड्यातली पट्टी?

भांडुपची_भट्टी
दोन्ही. पंख्याला रेग्युलेटर, आणि पट्टीवर १ ते १० खुणा.

दोन_कप_पुरे
मग दोन वेगळे प्रकार वापरा. पंखा एअर, पट्टी डॅम्पर. एकात कोंबलंत की महिन्याने तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

चुलीजवळ
पंख्याला शक्यतो हात लावू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला. शिवाय पट्टी ५ वर आहे म्हणून हवा तेवढीच वाहतेय असं नाही. पाइपात काजळी आणि टरफलं साचली की तीच ५ कमी ओढते. पावसाळ्यात आपल्याकडे ओलसर काजळी चिकटूनच बसते. मी बॅच लावायच्या आधी, ड्रम रिकामा असताना, ट्रायर काढून त्या भोकाशी लायटर धरतो. ज्योत आत किंचित झुकली पाहिजे. सरळ उभी राहिली तर पाइप साफ करायचा, मगच भाजायला बसायचं. टरफलं पेटतात, हे विसरू नका.

भांडुपची_भट्टी
(शनिवार, रात्री)
आला! दोन्ही रेघा आल्या. भाचीला लॅपटॉपसमोर बसवलं. मी आकडा ओरडायचो, ती दाबायची. "आर, सहा, शून्य" असं पूर्ण गाळ्यात चाललं होतं. लाल-निळ्या टिकल्या पण लावल्या, @कळव्याची_किटली धन्यवाद. पाइप काढला तर आत बोटभर जाड थर. ज्योत आधी सरळच होती, साफ केल्यावर झुकली.

७०० ग्रॅम टाकले. पिवळे व्हायला ४:५०, क्रॅक ८:४० ला. पण क्रॅकच्या आधी आरओआर (तापमान चढण्याचा वेग) एकदम कोसळला, मग परत वर आला. कप बरा आहे, रविवारसारखा नाही. ग्राफवर बघितलं तर ७:३० ला बर्नर ६० वरून ४०, आणि दहा सेकंदांनी डॅम्पर ४ वरून ७.

दोन_कप_पुरे
सापडलं की मग. दोन्ही एकदम बदललंत, आता कोसळला कशामुळे ते सांगता येणार नाही. पुढच्या बॅचला पट्टी ४ वरच ठेवा, फक्त आच बदला. आणि ती ७:३० च्या आधीपासून दोन टप्प्यांत उतरवा. माझ्या जाड थर्मोकपलवर नॉब फिरवल्याचा परिणाम दिसायला अर्धा मिनिट जातो. तुमचाही जाड असेल तर रेघ वाकल्यावर हात लावणं म्हणजे उशीर झालेला असतो.

चुलीजवळ
मी उलट म्हणेन. हवा ७ केली म्हणूनच बसली. आच तशीच ठेवून हवा बदलून बघा.

दोन_कप_पुरे
दोन्ही बॅचेस लावा मग. एस ७९५ आहे ना पुरेसं?

भांडुपची_भट्टी
सहा किलो आहे. रविवारी दोन्ही लावतो.
एक शेवटचं. त्या चांगल्या बॅचची फाइल आहे माझ्याकडे. त्यात ७:१० ला इव्हेंट आता घालता येईल का? साधारण २०० वरून १५० केला असेल असं वाटतंय.

कळव्याची_किटली
येईल. फाइल उघडा, रोस्ट मेनूत प्रॉपर्टीज, तिथे इव्हेंट्सचा तक्ता आहे. ओळ वाढवा, वेळ आणि प्रकार भरा. पण आकडा अंदाजाने घालू नका. दोन महिन्यांनी तो अंदाज होता हे विसराल आणि त्याच्यावर बॅच लावाल. ती फाइल बॅकग्राउंडला ठेवा आणि तिच्या रेघेवर रेघ बसवत भाजा. बसली की या वेळचा आकडा खरा असेल.

भांडुपची_भट्टी
घातलं. ७:१० ला फक्त "गॅस कमी" लिहिलंय, आकड्याची जागा रिकामी ठेवली.