गोळी सुरू झाली तरी मलम सुटत नाही
मुरुमांवर मलम लावून महिनाभरात फरक पडला नाही म्हणून थेट गोळ्या घ्याव्यात, असे एक मत ऐकायला मिळते; ते मला घाईचे वाटते. अ‍ॅडापलीनसारख्या मलमाचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि सुरुवातीला त्वचा सोलवटते ती वेगळीच. पाठीवर, छातीवर पसरलेल्या मुरुमांना गोळ्या लागतात, हे मान्य. मात्र नुसती डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक (अँटिबायोटिक) गोळी घेतल्यास जिवाणू तिला दाद देईनासे होण्याचा धोका असतो, म्हणून सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हे जिवाणू मारणारे मलम लावायला सांगतात आणि गोळी साधारण ३ महिन्यांत थांबवतात.

ही गोळी पेलाभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवे होऊ नये, असे मला डॉक्टरांनी बजावले होते. एका रात्री घोटभर पाण्यावर गिळून झोपलो आणि पुढचे दोन दिवस घास गिळताना छातीत जळजळत होते. बेंझॉइल पेरॉक्साइडने माझ्या निळ्या अभ्र्यावर पाडलेले पांढरे डाग मात्र अजून आहेत.